कुंपण घातलं आणि फुलपाखरू गेलं

टिटवी

मंडळी, मागे एका धाग्यावर "निसर्गाला माणसाने हात लावायचाच कशाला?" असा सूर लागला होता आणि मीही तिथे हिरिरीने +१ ठोकलं होतं. ते आता मागे घ्यावं की काय, असा विचार चाललाय. कारण आहे एक फुलपाखरू.

इंग्लंडात लार्ज ब्लू नावाचं निळं फुलपाखरू असायचं. ते दुर्मीळ होत गेलं तसं खापर फुटलं संग्राहकांवर. जाळी घेऊन फिरणारे हौशी लोक, त्यांच्या पेट्यांत टाचून ठेवलेली फुलपाखरं. संशय येणं साहजिकच होतं. मग उरलेल्या काही जागा राखीव केल्या, कुंपणं घातली. कुंपणाने जाळीवाले अडले, पण चरायला येणारी गुरंही अडली. फुलपाखरं कमी होतच राहिली आणि १९७९ मध्ये ती ब्रिटनमधून संपल्याचं जाहीर झालं.

जेरेमी थॉमस नावाच्या संशोधकाने शेवटच्या वसाहतीजवळ वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून यामागचं कारण शोधलं. या फुलपाखराची अळी पहिले काही आठवडे थाइमच्या फुलांवर जगते, मग जमिनीवर उतरते आणि स्वतःला मुंगीचं पिल्लू म्हणून खपवते. लाल मुंग्या तिला उचलून घरी नेतात. तिथे ही पाहुणी सुमारे दहा महिने राहते आणि यजमानांचीच पिल्लं खाते! पण कुठलीही लाल मुंगी चालत नाही. तिचं जमतं ते मुख्यतः एकाच जातीच्या मुंगीशी, आणि त्या मुंगीला हवी असते उन्हाने तापलेली जमीन. म्हणजे अगदी बुटकं, चरून खरवडलेलं गवत. शेतकऱ्यांनी गुरं काढून घेतली, १९५० च्या दशकात मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाच्या साथीत ससेही मेले, गवत वाढलं. वाढ बोटा-दोन बोटांचीच, पण तेवढ्याने माती दोन-तीन अंशांनी थंड झाली. ती मुंगी गेली, तिच्या जागी दुसरी आली. अळ्या तिच्या घरात गेल्या आणि मेल्या.

१९८३ पासून स्वीडनमधून आणलेली फुलपाखरं तिथे पुन्हा सोडली गेली. पण त्याआधी तिथे चराई सुरू केली, मगच ती टिकली.

तर चर्चेसाठी प्रश्न: जागा "राखणं" म्हणजे तिथे नेमकं काय करणं? की काहीच न करणं?

आडवाटे

झकास विषय. याचंच आपल्याकडचं भावंड म्हणजे भरतपूरचं केवलादेव. मुळात ते तळंच माणसाने केलेलं आहे. बांध घालून पाणी आणलं, संस्थानाच्या काळात बदकांच्या शिकारीसाठी ते जोपासलं. १९३८ साली एका दिवसात चार हजारांवर पक्षी पाडल्याची नोंद तिथल्या दगडावर कोरलेली आहे. पुढे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२ मध्ये म्हशींच्या चराईवर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं दगावली.

नंतर काय झालं? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या तिथल्या दीर्घ अभ्यासातून दिसलं की म्हशी गेल्यावर पास्पालम नावाचं पाणगवत मोकाट वाढलं आणि उघडं पाणी गिळत चाललं. उघडं पाणी नाही म्हटल्यावर बदकं बसणार कुठे? म्हणजे ज्यांना घाण समजून हाकललं, त्या म्हशीच तळं साफ ठेवत होत्या, फुकटात.

एक खुलासा आधीच करतो, नाहीतर कोणीतरी धाग्यावर येईलच. सायबेरियन क्रौंच भरतपुरात यायचे थांबले (२००२ नंतर नाहीतच) त्याचं सगळं पाप म्हैसबंदीच्या माथी मारू नका. ते पक्षी हजारो किलोमीटरच्या वाटेवर शिकारीत मारले जात होते, ते कारण फार मोठं आहे.

रोखठोक

दोन्ही प्रतिसाद वाचले. अभ्यासपूर्ण आहेत, पण या धाग्याचा शेवट कुठे होतो ते मला आत्ताच दिसतंय. "बघा, शास्त्रज्ञच म्हणतात चराई हवी", "बघा, झाडं तोडली तरच पक्षी येतात". हे वाक्य फुलपाखरू बघायला आलेला माणूस उच्चारत नाही. ते उच्चारतो तो, ज्याला त्या जागेत प्लॉट पाडायचे आहेत.

माणसाचा हात लागला की काय होतं याचंही एक उदाहरण घ्या. इंडोनेशियात मध्य कालिमंतानमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यावर सरकारने दहा लाख हेक्टर दलदलीच्या जंगलात भातशेती करायचं ठरवलं. चार हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खोदले, पाणी काढून टाकलं. तिथली जमीन म्हणजे पीट, हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साठलेला पालापाचोळा. ओला असेपर्यंत स्पंज, वाळला की सरपण. १९९७ च्या एल निनोच्या दुष्काळात ती जमीनच पेटली. नुसती झाडं नाहीत, जमीन! वरून विझली तरी आतून धुमसत राहते. ओरांगउटानांचं घर गेलं, शेजारच्या देशांपर्यंत धूर गेला, आणि भात? नावापुरता. प्रकल्प गुंडाळला पण कालवे तसेच राहिले, ते पाणी ओढतच राहिले. आता ते एकेक करून बुजवण्याचं काम चालतं.

इथे कोणती "चराई सुरू करून" परत आणणार आहात? जे एकदा वाळलं ते वाळलं. म्हणून माझं मत, शंका असेल तिथे हात मागे.

टिटवी

रोखठोक, प्लॉटवाल्यांची भीती मान्य. पण तुमचंच उदाहरण बघा ना. ते कालवे तसेच सोडून "हात मागे" घेतले असते तर पीट वाळतच राहिलं असतं. बुजवायलाही हातच लागले. मी "हवं ते करा" म्हणत नाहीये. मला इतकंच कळलंय की आपण आधीच इतकं काही करून बसलोय, की नंतर गप्प बसणं हासुद्धा एक निर्णय असतो आणि त्याचेही बळी असतात.

अर्धवटराव

आमच्या घरामागच्या अंगणाची मी गेली सहा वर्षं काहीही न करता राखण करतोय. हिने त्याला आळस म्हटलं. आता या धाग्याची लिंक दाखवणार होतो, पण टिटवीताईंनी घात केला.

बांधावरची

मी शेती करते. त्यामुळे राखीव जंगलांपेक्षा मला शेताचं जास्त कळतं, आणि या चर्चेत शेत नेहमी मागे पडतं. जंगलाबाहेर जमीन किती आहे बघा, आणि तिथे राहणारे प्राणी-पक्षी काही थोडे नाहीत.

मी वाचलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कॉर्नक्रेक म्हणून पाणकोंबडीच्या कुळातला पक्षी आहे. उंच गवतात, जमिनीवर घरटं करतो. पिल्लांना उडता येत नाही आणि उघड्यावर पळायला ती घाबरतात. गवत कापणारं यंत्र शेताच्या कडेने सुरू होतं आणि गोल गोल फिरत मध्याकडे येतं. पिल्लं काय करतात? उभ्या गवतात सरकत जातात. आत, आणखी आत. शेवटी मध्ये एक तुकडा उरतो, सगळी त्यात गोळा झालेली असतात, आणि यंत्र तो शेवटचा तुकडा कापतं.

स्कॉटलंडमध्ये उपाय निघाला तो इतका साधा, की आधी कोणाला सुचला नाही याचंच नवल वाटतं. मधून सुरू करा, कडेकडे या. पिल्लं सरकत सरकत बांधाच्या गवतात जातात. सोबत कापणी थोडी उशिरा करायची. यंत्र तेच, माणूस तोच, गवतही तेवढंच मिळतं. फक्त दिशा उलटी.

दुसरं स्कायलार्कचं, म्हणजे आपल्या चंडोलाच्या भाऊबंदाचं. शरद ऋतूत पेरलेला गहू वसंतापर्यंत इतका दाट होतो की त्याला आत उतरताच येत नाही, मग दुसरी-तिसरी वीण बुडते. इंग्लंडातल्या शेतकऱ्यांनी काय केलं, तर पेरताना यंत्र क्षणभर उचललं. हेक्टरी दोन ठिकाणी चार-पाच मीटरचे चौकोन रिकामे. बस. पक्षी त्यात उतरतात आणि पायी चालत पिकात जातात.

मला हे पटतं कारण यात कोणी मला "शेती सोड" म्हणत नाही.

निवृत्त_घुबड

बांधावरची ताई, सुरेख लिहिलंत. चराईच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. गुरं परत आणली म्हणजे भागलं असं नाही. जंतांवर जी औषधं देतात, त्यातलं आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. शेणकिडे नाहीत तर शेण जिरत नाही, आणि त्यांच्यावर पोट असलेली वटवाघळं, पक्षी उपाशी. गाय तीच दिसते, पण शंभर वर्षांपूर्वीची गाय आणि आजची गाय कुरणाच्या दृष्टीने एक नव्हे. इतकंच.

ओंजळ

मी दर उन्हाळ्यात जंगलातल्या पाणवठ्यांसाठी वर्गणी देते. टँकरने पाणी टाकतात, प्राण्यांचे फोटो येतात, बरं वाटतं. या धाग्यावर विचारायची भीतीच वाटतेय, पण विचारते. यात काही चुकतं का?

निवृत्त_घुबड

ओंजळताई, घाबरू नका, पण क्रूगरची गोष्ट ऐका. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात दुष्काळात प्राणी मरू नयेत म्हणून दशकानुदशकं कूपनलिका आणि बंधारे केले. हेतू तुमच्यासारखाच, स्वच्छ. उद्यानाच्या उत्तर भागात रोआन नावाचा मोठा, देखणा कुरंग राहायचा. तो भाग कोरडा, म्हणून तिथे झेब्रे आणि विल्डबीस्ट फारसे टिकत नसत. पाणी आलं तसे झेब्रे आले. झेब्र्यांच्या मागोमाग सिंह आले. रोआनची मादी पिल्लाला उंच गवतात लपवून ठेवते, ते गवत झेब्र्यांनी खाल्लं. १९८६ मध्ये साडेचारशेच्या आसपास असलेले रोआन १९९३ पर्यंत पंचेचाळीसच्या आसपास आले. सात वर्षांत दहाव्या हिश्श्यावर. पुढे तिथले बरेच पाणवठे मुद्दाम बंद केले, तरी रोआन काही पूर्वीसारखे झाले नाहीत.

कोरडेपणा हीच त्या प्राण्याची तटबंदी होती. आपण दार उघडून दिलं.

ओंजळ

बाप रे. म्हणजे वर्गणी बंद करू?

निवृत्त_घुबड

तसं नाही म्हणत. जिथे नदीकडे जायची प्राण्यांची जुनी वाट रस्त्याने, कालव्याने किंवा वस्तीने तोडली आहे, तिथे पाणी देणं म्हणजे आपण घेतलेलं परत करणं. क्रूगरची चूक वेगळी होती, जिथे कधीच नव्हतं तिथे बारमाही पाणी. तुम्ही वर्गणी घेणाऱ्यांना एवढं विचारा: हा पाणवठा आधी इथे होता का? पावसाळ्यानंतर किती महिने टिकायचा? पाणवठ्याभोवतीचं गवत कोणी मोजतं का? उत्तर म्हणून नुसता वाघाचा फोटो आला तर मग विचार करा.

रोखठोक

हे क्रूगरचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे बरं का! हात मागे घेतले असते तर रोआन वाचले असते.

आडवाटे

रोखठोक, अर्धं तुमचं, अर्धं नाही. "हात मागे"चा शुद्ध प्रयोग बघायचा असेल तर नेदरलँड्सला चला. ओस्टफार्डर्सप्लासेन नावाची सुमारे ५६ चौरस किलोमीटरची जागा, १९६८ मध्ये समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवरची. १९८० च्या दशकात तिथे हेक जातीची गुरं आणि कोनिक घोडे सोडले, नंतर लाल हरणं. ठरवलं की आता निसर्ग बघून घेईल. पण भोवती कुंपण, आत शिकारी प्राणी नाहीत, आणि हिवाळ्यात दुसरीकडे स्थलांतर करायला वाट नाही. चांगल्या वर्षांत कळप वाढले, गवत संपलं, झुडपं संपली, झुडपांतले पक्षी गेले. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तीन हजारांहून जास्त जनावरं गेली. त्यातली बहुतेक उपासमारीने मरायला टेकलेली म्हणून गोळी घालून मारावी लागली. लोक कुंपणावरून गवताचे भारे फेकत होते. अखेर धोरण बदललं, संख्या आटोक्यात ठेवायचं ठरलं.

लांडगा काढून घ्यायचा, वाट बंद करायची आणि मग म्हणायचं "निसर्गाला त्याचं काम करू द्या". कसं करणार?

अर्धवटराव

कुंपणाचा अनुभव मलाही आहे. आत राहिलो तर उपाशी, बाहेर गेलो तर गोळी. सरकारी नोकरी होती.

आडवाटे

हा हा. पण कुंपणाचं खरंच लिहायला हवं. बोट्स्वानात गुरांना लाळ्या-खुरकूत होऊ नये म्हणून १९५० च्या दशकापासून शेकडो किलोमीटरची कुंपणं घातली. दुष्काळ पडला की पाण्याकडे निघणारे विल्डबीस्ट त्यांना येऊन अडायचे. १९८० च्या दशकात असे हजारोंनी मेले. उलट कॅनडात बान्फमध्ये महामार्गाला कुंपण घातलं, पण त्याबरोबर रस्त्याखालून आणि वरून प्राण्यांसाठी वाटा ठेवल्या. गाड्यांना धडकून मरणारे प्राणी ८० टक्क्यांहून जास्त घटले. अस्वलांना त्या पुलांचा भरवसा वाटायला काही वर्षं गेली, त्याआधीच मोजणी थांबवली असती तर "पूल फसले" असा अहवाल निघाला असता. आपल्याकडे पेंचजवळ ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट सोडली आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत तिथून वाघ आणि रानकुत्रेही जाताना दिसले आहेत. एकूण काय, प्राणी कुठे जायला निघाला होता हे आधी कोणी विचारलं की नाही, त्यावर कुंपणाचं बरं-वाईट ठरतं.

पानगळ

नेहमीची वाचक, आज लिहिल्याशिवाय राहवलं नाही. आग हा विषय कसा नाही आला अजून?

अमेरिकेत मिशिगनमध्ये कर्टलंड्स वॉर्बलर हा चिमुकला पक्षी जॅक पाइनच्या जंगलात राहतो. पण कसल्या जंगलात? साधारण पाच ते वीस वर्षं वयाच्या झाडांच्या. घरटं जमिनीवर, झाडाच्या अगदी खालच्या हिरव्या फांद्यांच्या आडोशाला. झाड मोठं झालं की त्या फांद्या वाळतात आणि पक्षी जागा सोडतो. जॅक पाइनची बोंडं राळेने चिकटलेली, आगीच्या धगीनेच ती उघडतात. म्हणजे वणवा, मग कोवळं रान, मग पक्षी. माणसाने वणवे विझवायला सुरुवात केली, कौतुकाने. रान म्हातारं झालं. भरीला गुरं आणि शेतीबरोबर पसरलेला काउबर्ड, जो कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. १९७१ च्या गणतीत गाणारे नर जेमतेम दोनशे.

काउबर्ड पकडायला सुरुवात केली, घसरण थांबली, पण संख्या वाढेना. आणि मग १९८० मध्ये मुद्दाम लावलेली एक आग हाताबाहेर गेली. वनखात्याच्या एका कर्मचाऱ्याचा जीव गेला, घरं जळली, हजारो हेक्टर रान खाक. आठ-दहा वर्षांनी त्याच राखेतल्या कोवळ्या पाइनमध्ये पक्षी वाढू लागले. आता तिथे जुने पाइन तोडून नवे लावतात, पाळीपाळीने, म्हणजे कुठे ना कुठे कोवळं रान असतंच. २०१९ मध्ये हा पक्षी धोक्यातल्या जातींच्या यादीतून बाहेर आला.

ज्याचा जीव गेला त्याच्या घरी "पण पक्षी वाचले" असं कोणी म्हणू शकेल का? मला नाही म्हणता येणार. म्हणून ही गोष्ट मी कोणाला यशोगाथा म्हणून सांगत नाही.

रोखठोक

पानगळ, शेवटचा परिच्छेद आवडला. या धाग्यावर पहिल्यांदाच कोणी हाताची किंमत सांगितली.

थोडा नमतो. माझी हरकत हाताला नाही, हात कोणाचा आणि किती मोठा याला आहे असं म्हणतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले मार्टू लोक घोरपडी पकडायला गवताचे छोटे छोटे पट्टे जाळतात. जुनं, नवं, मधलं गवत असं ठिगळाठिगळांचं रान होतं. अभ्यासकांना तिथे असं दिसलं की जिथे हे लोक सर्वात जास्त शिकार करतात, तिथेच घोरपडीही जास्त. ज्याला उद्या पुन्हा त्याच रानात यायचं आहे त्याचा हात असा असतो. दहा लाख हेक्टरवर नकाशात रेघ मारणाऱ्याचा तसा नसतो.

टिटवी

रोखठोक, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. उचलते.

ओंजळ

मी त्या वर्गणीवाल्यांना घुबडकाकांचे तिन्ही प्रश्न पाठवले. अजून उत्तर नाही. वाघाचा फोटोही नाही, म्हणजे आशा आहे.

बांधावरची

बारा दिवसांनी धागा वर काढतेय, माफ करा.

आमची कापणी झाली. हार्वेस्टरवाल्याला म्हटलं, मधून सुरू कर. तो म्हणाला, मध्यापर्यंत उडत जाऊ का? बरोबरच होतं, मध्यापर्यंत जाताना पीक तुडवलं जाणार. मग असं ठरलं की रस्त्याच्या बाजूने सुरू करायचं आणि पट्ट्यापट्ट्याने ओढ्याकडे सरकत जायचं, गोल फिरायचंच नाही. ओढ्याकाठचं गवत मी यंदा पेटवलं नव्हतं. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला वळायला त्याचा वेळ गेला, थोडा कुरकुरला.

शेवटचे चार-पाच पट्टे उरले तेव्हा मी बांधावर उभी होते. उभ्या पिकातून आधी एक लावा निघाला, मग एकामागून एक पिल्लं, किती ते मोजता आलं नाही, सगळी ओढ्याच्या गवतात शिरली. मी ओरडून त्याला दाखवायला गेले. त्याने मशीन थांबवलं, खाली वाकून ऐकलं आणि म्हणाला, "त्यात काय, रोजच दिसतात की. एरवी मध्ये सापडतात."